बुधवारच्या अंबुजाक्का

अंबुजाक्का फोनवर "बरं" म्हणाल्या आणि मी घाबरले.

पलीकडून त्यांचा मुलगा श्रीधर चेन्नईहून बोलत होता. पोंगल झाला की तंजावूरचं घर बंद करू, तू इकडे ये, कायमची, एवढंच त्याचं म्हणणं. स्पीकर चालू असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आता फोन आदळला जाणार म्हणून मी सावरून बसले. अक्का भिंतीकडे पाहत "बरं" म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन मोकळ्या झाल्या. त्या होकाराने श्रीधरही चक्रावला असावा, कारण तो नंतर दोनदा नुसताच "हॅलो" म्हणाला.

यात घाबरण्यासारखं काय, हे ज्यांनी त्यांना शाळेत पाहिलं नाही त्यांना कळायचं नाही. तेव्हा आधी ते सांगते.

मी सांगलीची. लग्न होऊन तंजावूरच्या एका मराठी घरात आले आणि मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागले. अंबुजाक्का तिथे जीवशास्त्राच्या शिक्षिका. आमच्याच मेल वीदी नावाच्या गल्लीत, दोन घरं सोडून राहायच्या. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने त्यांच्याशी मराठीत बोलले, तर म्हणाल्या, "तू बोलतेस का भांडतेस?" मलाही त्यांच्या मराठीचं हसू यायचं. सूर सगळा तमिळ, आणि मध्येच 'बैस', 'पूस', 'कोठे' असले माझ्या पणजीच्या तोंडचे शब्द. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी ऐकवलं की तुम्ही टाकून दिलंत ते आम्ही तीनशे वर्षं सांभाळलं, आता परत मागायला येऊ नका. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. मराठी लिहायची तर तमिळ अक्षरांत लिहायच्या आणि ती वाचताना माझी तारांबळ उडायची.

त्यांचे आवडते शब्द दोन, "का म्हणून?" आणि "कशावरून?" दहावीचा प्रजननाचा धडा मुलींना घरी वाचायला सांगा, असं हेडमिस्ट्रेसबाईंनी सुचवलं. अक्कांनी "का म्हणून?" विचारलं. बाईंनी तीन कारणं दिली. तिन्हींना "कशावरून?" झालं आणि बाईंनी हात टेकले. मग अक्कांनी तो धडा वर्गाची दारं सताड उघडी ठेवून असा खणखणीत शिकवला की शेजारच्या लॅबमध्ये माझ्या मुली हातात टेस्ट ट्यूब धरून कान देऊन उभ्या होत्या. दोन दिवसांनी पापनाशमहून एका मुलीचे वडील तणतणत आले. अक्कांनी त्यांना वाद घालायला वावच दिला नाही. शेवटच्या बाकावर बसवलं आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. तास संपल्यावर तो गृहस्थ मान खाली घालून विचारत होता, माझी थोरली मुलगी शाळा सोडून घरी बसली आहे, तिला एक दिवस इथे पाठवलं तर चालेल का.

असं माणूस लांबून फार छान दिसतं. जवळ राहायला कठीण. माझ्याशी त्या एकदा पाच महिने बोलल्या नाहीत. स्टाफ मीटिंगमध्ये मी त्यांच्या बाजूने हात वर केला नाही म्हणून नव्हे. केला, पण इतरांचे हात पाहून मग केला, म्हणून. मी त्यांच्या घरी जाऊन समजूत घालायचा प्रयत्न केला तर मला कॉफी दिली आणि समोर बसून पेपर वाचला. रागावण्यातसुद्धा त्या मन लावून काम करायच्या.

बारावीच्या मुलींना मेंदू शिकवायची त्यांची एक पद्धत होती. वर्गात शिरताना केळीच्या पानात बांधलेली जांगिरीची, म्हणजे आपल्या इमरतीची, पुडी आणून टेबलावर ठेवायच्या आणि शिकवायला लागायच्या. दर पाच मिनिटांनी थांबून, आत्ता मन पुडीकडे किती आहे त्याला दहापैकी मार्क द्या, असं मुलींना वहीत लिहायला लावायच्या. शेवटी दोरा सोडायचा, एकेक जांगिरी द्यायची, खाताना पुन्हा मार्क. बहुतेक वह्यांत सगळ्यांत जास्त मार्क दोरा सुटताना पडलेले असायचे, खाताना नव्हे. मग त्या फळ्यावर 'डोपामिन' लिहायच्या आणि सांगायच्या की याला आनंदाचं रसायन म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आनंद जिभेवर असतो, हे रसायन पाय उचलायला लावतं. हवंसं वाटणं, त्यासाठी उठणं, आणि वर्गात पन्नास आवाज असताना नेमका कोणता ऐकायचा ते निवडणं, ही त्याची कामं. मी जांगिरीसाठी त्या तासाला मागे जाऊन बसायची, त्यामुळे हे मला पाठ आहे.

निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी त्यांचं अक्षर बारीक व्हायला लागलं. आमच्याकडे घरोघरी भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. त्या फाडलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूवर दिवसभर काय पाहिलं, काय पटलं नाही, ते लिहून ठेवायची त्यांची सवय. ती टिपणं मी वाचायची. आधी ठळक असलेली अक्षरं ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढी व्हायला लागली. मग एक दिवस माझ्याकडच्या रसमला हिंगाचा वासच नाही म्हणून त्या मला बोलल्या. हिंग तर मी सढळ हाताने घातला होता. डावा हात थरथरायला लागल्यावर त्रिचीच्या डॉक्टरांकडे गेलो. पार्किन्सन्स. ते रसायन तयार करणाऱ्या पेशीच मरत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. वीस वर्षं शिकवलं, आता तोंडी परीक्षा, असं काहीतरी म्हणाल्या.

थरथरणारा हात त्यांनी कधी पदराखाली घेतला नाही. बाजारात, देवळात, लोक पाहत राहिले तर त्या उलट त्यांच्याकडे पाहायच्या. पण दुसऱ्या वर्षी जे आलं त्याची आम्हांला कल्पनाच नव्हती. त्या बसून राहायला लागल्या. सकाळी खुर्चीत बसवलं की तिथेच. पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. काही विचारलं तर मिनिटभराने उत्तर, आणि उत्तर एकच. कॉफी आणू का? बरं. खिडकी लावू का? बरं. उघडू का? बरं. लोक म्हणत, वय झालं, बाई शांत झाल्या. शांत! मला त्या लोकांचा संताप यायचा, कारण मला माझी भांडकुदळ अक्का हवी होती.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. पहिल्याच दिवशी रिकाम्या पोटी घेतली आणि उलटी झाली. त्यांच्याकडे तीस वर्षं स्वयंपाक करणारी मुत्तुलक्ष्मी धावत माझ्याकडे आली. मी तिला सांगितलं, कडक गोळी अशी नुसती देतात का, दहीभातात दे, पोटाला थंड पडेल. उलटी थांबली. तेव्हापासून सकाळची गोळी दुधाच्या कॉफीबरोबर, दुपारची साडेबाराला दहीभातात आणि रात्रीची दुधाबरोबर, असा नेम पडला. औषध पोटभर खाऊन घ्यावं आणि वर काहीतरी थंड घ्यावं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही. केमिस्ट्रीची एम.एस्सी. मी.

आणि मग श्रीधरचा तो फोन झाला.

त्यानंतरच्या बुधवारी, मार्गळीच्या, म्हणजे पोंगलआधीच्या महिन्यात, एरवी सकाळ-संध्याकाळच जाणारी मी एकच्या सुमारास त्यांच्याकडे गेले तर दार अक्कांनी स्वतः उघडलं. नजर नेहमीची, म्हणजे समोरच्याला आरपार तपासणारी.

"सुधा, परवा मी श्रीधरला काय म्हटलं?"

मी सांगितलं. त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"दुःख नाही होत मला, ते समज. दुःख झालं असतं तर बरं. काही नको होतं, आणि नको होतं हे खुपतही नाही. तोंड माझं होतं, मी कोठे होते?"

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मला खिळ्याला टोचलेली कॅलेंडरची पानं काढून आणायला सांगितली. दोन महिन्यांची पानं आम्ही जमिनीवर मांडली. जवळजवळ सगळी मागून कोरी. सातआठ पानांवर तेवढं त्यांचं बारीक अक्षर होतं. अक्कांनी ती उलटून छापील बाजू वर केली. एकूण एक बुधवार.

त्यांनी मुत्तुलक्ष्मीला हाक मारली आणि बुधवारी तू वेगळं काय करतेस, म्हणून विचारलं. ती आधी काहीच नाही म्हणाली. मग कबूल झाली. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. बाकी कोणत्याही वारी तो दुपारच्या गोळीच्या वेळेवर येत नाही. राहुकाळात औषध पोटात गेलं तर गुण येत नाही, म्हणून बुधवारी ती आम्हांला न सांगता साडेअकरालाच गोळी देत होती. भात तेव्हा शिजलेला नसायचा, म्हणून पाण्याबरोबर. अक्का चिडतील म्हणून इतके दिवस बोलली नाही.

अक्का चिडल्या नाहीत. म्हणाल्या, दही. दुधादह्यातलं प्रथिन आणि ही गोळी, दोघांना आतड्यातून आत शिरायचा रस्ता एकच, त्या गर्दीत गोळी मागे राहते. हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असलेलं आठवायलाही तेच रसायन लागतं.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अहो, जेवणाआधी अर्धा तास म्हणून सांगितलं होतं, कागदावरही आहे, मळमळलं तर एखादा रस्क द्या. कागदावर होतं. आम्ही कोणी तो पाहिलाच नव्हता. मला वाटलं, झालं, उद्यापासून पाण्याबरोबर द्यायची. अक्कांना ते पुरेसं नव्हतं. दोन आठवडे एक दिवस पाण्याबरोबर, एक दिवस दहीभातात, असं पाहायचं त्यांनी ठरवलं. मी हात जोडले. मुद्दाम ते वाईट दिवस कशाला?

"एका बाजूचा पुरावा म्हणजे पुरावा नव्हे. तुझ्या लॅबमध्ये असं चालवून घेतलं असतंस?"

ते सात दिवस मी विसरणार नाही. दहीभाताच्या दिवशी त्या ताटावर बसायच्या, खायच्या, आणि दुपारभर खुर्चीत नाहीशाच राहायच्या. मुत्तुलक्ष्मी वाढताना डोळे पुसायची. दुसऱ्या दिवशी साडेबाराला परत यायच्या आणि आधी वेळ विचारायच्या, लिहिण्यासाठी. चौदाव्या दिवशी शंका उरली नाही. मुत्तुलक्ष्मी म्हणाली, राहूने वाचवलं. अक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. राहूने नव्हे, पाण्याने. पण पाणी राहूमुळेच दिलं ना, मुत्तुलक्ष्मी म्हणाली. अक्कांनी तेही पानावर लिहून घेतलं.

दहीभात मी सांगितला होता, हे मी त्याच दिवशी कबूल केलं. अक्कांनी शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. चूक कोणाची ते लिहिल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, लिही. मी लिहिलं, देवनागरीत, त्यांना वाचता येणार नाही अशा बेताने. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

पोंगलनंतर श्रीधर आला, परतीची दोन तिकिटं घेऊनच. पहाटेच्या गाडीने उतरून त्याने आईला विचारलं, निघायचं ना? अक्का म्हणाल्या, बरं. त्याने बॅग भरायला घेतली. पावणेएकला त्यांनी ती रिकामी करायला लावली. तो बिचारा वैतागला. सकाळी हो म्हणालीस, आता नाही म्हणतेस, मी कोणतं खरं धरू? तू इथे एकटी पडलीस तर? मी त्याला दोष देत नाही, मीही त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

"पडेन. तुझ्या घरीही फरशीच आहे."

मग त्यांनी कॅलेंडरचं पान घेतलं, अक्षरं बारीक होऊ नयेत म्हणून एकेक अक्षर दाबून तमिळमध्ये लिहिलं आणि दारावर चिकटवायला लावलं. या घरातल्या बाईला काहीही पुसायचं असेल तर साडेबारा ते तीन या वेळात पुसावं. इतर वेळचा होकार धरू नये. सकाळची गोळी पाण्याबरोबर देऊनही त्यांना धड लागायची नाही, रात्रीची थोडीशी, दुपारची तेवढी खरी. गल्ली हसली. गॅसवाला हसला, पण नंतर तोही एकच्या सुमारास यायला लागला. श्रीधर हसला नाही. एकटाच परत गेला आणि चार महिने फोनवर फक्त मुत्तुलक्ष्मीशी बोलला.

त्याच वर्षी आमच्या शाळेत एक वक्ते आले. तरुण, छान बोलणारे, कॉलर माइक लावलेले. डोपामिन तुमचा शत्रू आहे, मुलींनो, आठवड्यातून एक दिवस डोपामिनचा उपास करा, मोबाइल नको, गोड नको, गप्पा नकोत, मग बघा मन कसं निर्मळ होतं. जुन्या शिक्षिका म्हणून आम्हांला पहिल्या रांगेत बसवलेलं. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे वेळ अक्कांची होती. त्या माझ्या खांद्यावर भार देऊन उठल्या. तो हात थरथरत होता आणि सगळी शाळा त्या हाताकडे पाहत होती.

"हा उपास मी तीन वर्षं करते आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मजकडचं संपत चाललंय. मन निर्मळ होत नाही, रिकामं होतं. मोबाइल कमी पाहा म्हणून सांगा, मी टाळी वाजवीन. पण हवंसं वाटण्याला शत्रू म्हणून या मुलींना शिकवू नका. त्यांना आधीच घरी सगळे तेच शिकवतात."

वक्त्याने काहीतरी सारवासारव केली. मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या आणि हेडमिस्ट्रेसबाईंनी घाईने आभार मानले. परत येताना अक्का ऑटोत माझ्या अंगावर कलंडल्या होत्या, तेवढ्या उभं राहण्याने सगळी शक्ती गेली होती. तरी त्या बोलण्यातलं कोणतं वाक्य सैल पडलं ते मला सांगत होत्या.

त्या बऱ्या झाल्या नाहीत. हा आजार बरा होत नाही. अडीच तासांचे दोन झाले, मग एक. दार ओलांडताना पाय उंबऱ्यापाशी जमिनीला खिळायचे. पण तेवढ्या तासात त्या पेपर उलगडायच्या, मुत्तुलक्ष्मीशी राहूवरून वाद घालायच्या, माझ्याशी तर घालायच्याच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वीच्या आडी, म्हणजे आषाढ महिन्यात. त्यानंतर मी लेकीच्या बाळंतपणासाठी कोइम्बतूरला गेले आणि तिथेच त्या गेल्याचं कळलं. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी श्रीधर सकाळी दहाला गाडी घेऊन आला होता. आदल्या आठवड्यात अक्का पडल्या होत्या, मनगटाला प्लास्टर होतं. मुत्तुलक्ष्मीने घाबरून त्याला कळवलं होतं आणि मीही, खरं सांगायचं तर, त्याने आता नेलेलं बरं, असंच मनात धरून होते. त्याने खुर्चीपाशी वाकून विचारलं. अक्का भिंतीकडे पाहत "बरं" म्हणाल्या. ड्रायव्हरने बॅग उचलली.

श्रीधरने त्याला थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. गाडीची किल्ली हातात, मोबाइल खिशात. चेन्नईच्या मोठ्या कंपनीतला माणूस अडीच तास असा बसून राहिला. साडेअकराला मुत्तुलक्ष्मीने पाण्याबरोबर गोळी दिली. मी दारातल्या ओट्यावर बसले होते आणि मला तिथून उठवेना.

पावणेएकला अक्कांची मान वळली. त्यांनी आधी प्लास्टरकडे पाहिलं, मग बॅगेकडे, मग जमिनीवर बसलेल्या मुलाकडे. आईशी जन्मभर तमिळमध्ये बोलणाऱ्या श्रीधरने मराठीत विचारलं, एकेक शब्द शोधत.

"अम्मा, आता पुसतो. तू येतेस का?"

त्यांनी खूप वेळ घेतला. मला वाटलं, आजचा तास चुकला. पण त्या विचार करत होत्या, आणि तो विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"नाही," अक्का म्हणाल्या. "जेवून जा."

श्रीधरने किल्ली खिशात टाकली, ड्रायव्हरला गाडी सावलीत लाव म्हणून सांगितलं आणि हात धुवायला मागे गेला.